फ्रीजवर गेलेली पुस्तकं

"सध्या काय वाचतेयस?" असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. प्रश्न तसा निरुपद्रवी. "जेवलीस का?" किंवा "तिकडे पाऊस आहे का?" यांच्याच गोत्रातला. विचारणाऱ्याला एका पुस्तकाचं नाव हवं असतं आणि त्याच्यापुढे एक शब्द: छान, बरं किंवा ठीक. मी मात्र अडखळते. खरं सांगायचं तर एका वेळी माझी चार पुस्तकं चालू असतात, चारही अर्धवट, आणि प्रत्येकाबद्दलचं मत ठाण्याला एक असतं, भायखळ्याला दुसरं.

पुस्तक संपल्यावर दिलेली मतं इस्त्री करून घडी घातलेली असतात. तोवर आपण प्रस्तावना वाचलेली असते, चार जणांचं ऐकलेलं असतं, लेखकाला कुठला पुरस्कार मिळाला तेही कळलेलं असतं. त्यापेक्षा दीडशेव्या पानावर, चहाला उकळी येईपर्यंत दिलेलं मत चुरगळलेलं असेल, पण ते अंगावरचं असतं. मला त्या मतांचाच जास्त नाद आहे. ती उद्या खोटी ठरतात, आणि खोटी ठरली की आपण मधल्या पानांत कुठून कुठे आलो ते कळतं.

आमच्या घरात हा नाद दोघींना. मला आणि माझ्या सासूबाईंना. नवरा वाचत नाही, पण पुस्तकं आणून देतो आणि नेऊन देतो, म्हणजे वाचकांपेक्षा मोठंच काम करतो. आईंचं वय एकोणऐंशी. दुपारी जेवणानंतर अर्धा तास पडून झालं की त्या खिडकीशी बसतात ते दिवेलागणीपर्यंत. मी वाचते ती लोकलमध्ये, आणि रात्री स्वयंपाकघराचा ओटा पुसून झाल्यावर. त्यामुळे एकच प्रत दोघींना पुरते. पुस्तकात खुणा दोन असतात. माझी असते एखादी बँकेची जुनी पावती, त्यांची कालनिर्णयच्या गेल्या महिन्याच्या पानाची पट्टी.

आईंची मतं तोंडावाटे फारशी येत नाहीत. पुस्तक कुठे ठेवलंय त्यावरून ती ओळखायची. आवडलं तर ते खिडकीच्या कट्ट्यावर, चष्म्याच्या घराखाली. बेताचं वाटलं तर टीपॉयवर, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात. आणि मनातून उतरलं की थेट फ्रीजवर, विजेची बिलं आणि बंद पडलेली टॉर्च यांच्या शेजारी. फ्रीजवरून पुस्तक सहसा खाली येत नाही. ते तिथूनच वाचनालयात परत जातं. आता "फ्रीजवर जाणं" हा आमच्या घरातला वाक्प्रचार झालाय. माझा मुलगा नववीत असताना गणिताच्या क्लासचे सर त्याला पटेनात, तेव्हा घरी येऊन तो एवढंच म्हणाला होता, "ते सर फ्रीजवर गेले."

आईंची दुसरी खोड म्हणजे शेवटचं पान आधी वाचणं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे अक्षम्य वाटायचं. त्यांचं म्हणणं असं की शेवट कळला की जीव भांड्यात पडतो आणि मग मधलं नीट वाचता येतं. आता मलाही ते निम्मं पटलंय. निम्मंच.

तर सध्या कट्ट्यावर आहेत गोडसे भटजी. विष्णुभट गोडसे, वरसईचे, 'माझा प्रवास'वाले. आईंचं माहेर पेण, आणि वरसई पेण तालुक्यात. त्यामुळे हे पुस्तक हातात घेण्याआधीच कट्ट्यावर जाऊन बसलं होतं. "आमच्याकडचा माणूस आहे," त्या म्हणाल्या, जणू परवाच्या लग्नात पंगतीला शेजारी बसला होता.

घरावर कर्ज झालंय, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा बरी मिळेल असं कानावर आलंय. म्हणून हा कोकणातला भिक्षुक काकांना सोबत घेऊन उत्तरेकडे निघाला. साल १८५७. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, पुढे कशात सापडणार आहोत! महूच्या अलीकडे शिपाई भेटतात, काडतुसांची हकीकत सांगतात, आणि तिथून हा यज्ञाला निघालेला माणूस बंडाच्या मधोमध चालायला लागतो. धार, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी. झाशीला वेढा पडला तेव्हा भटजी आत आहेत.

पहिल्या पन्नास पानांनंतर मी आईंना म्हटलं, "तुमचे भटजी जरा घाबरट आहेत हो."

"घाबरला नसता तर पुस्तक कोण लिहिणार होतं?" आई म्हणाल्या. "शूर होते ते गेले सगळे."

या वाक्यावर मला काही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत तेच डोक्यात घोळत होतं. खरंच की. भटजींना शौर्य दाखवायचं नाही, त्यामुळे त्यांना बाकी सगळं दिसतं. कोणी काय जेवलं, पाणी कुठून आणलं, कुठल्या बोळात लपलो, कमरेला बांधलेले पैसे कसे गेले. झाशी पडल्यावर शहरात जी कत्तल झाली तिला ते 'विजन' म्हणतात. त्यानंतरच्या लुटीलाही एक क्रम होता: आधी सोनं-चांदी, मग भांडीकुंडी, आणि शेवटी लोकांच्या घरातलं धान्यसुद्धा. शाळेत आम्ही झाशीच्या लढाईवर टीप लिहायचो, पाच गुणांची. त्यात डाळ-तांदूळ लुटून नेल्याचं कधीच नव्हतं. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली तेही नव्हतं. स्वतःची दक्षिणा गेल्याचं दुःख भटजी करतात, पण पोथ्या गेल्याचं सांगताना त्यांचा आवाज निराळा लागतो. निदान मला लागला.

मी नोकरीला सहकारी बँकेत. त्यामुळे असेल, पण मी डायरीच्या मागच्या पानावर भटजींचा जमाखर्च मांडायला घेतलाय. कुठे काय मिळालं, कुठे किती लुटलं गेलं. माणूस पुन्हा पुन्हा शून्यावर येतो आणि पुन्हा कुठल्या तरी गावात अनुष्ठानाला बसतो. असा कर्जदार आमच्याकडे आला तर शाखाधिकारी त्याला दारातूनच परत पाठवतील. पण अडीच-तीन वर्षांनी हा घरी पोचतो तेव्हा त्याच्या खांद्यावर गंगेची कावड असते. शेवटाकडचा हा भाग मला आईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकला होता, त्यांच्या खोडीप्रमाणे. आईवडिलांना त्या गंगेच्या पाण्याने स्नान घातलं, म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसला.

मधल्या काळात आमचं एक गमतीचं भांडण झालं. आईंकडे त्यांच्या वडिलांची जुनी, पानं पिवळी पडलेली प्रत आहे, आणि मी वाचनालयातून आणलेली वेगळी आहे. मी म्हणायची, "त्या झाशीतल्या भानगडीचं वाचलंत का?" त्या म्हणायच्या, "कुठे आहे? माझ्यात नाही." दोन संध्याकाळी आम्ही एकमेकींना खोटं पाडत होतो. मग उलगडा झाला. भटजींनी हे लिहिलं प्रवासानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, आपले यजमान चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी ते छापलं १९०७ मध्ये, भटजी गेल्यानंतर. छापताना भाषेवरून हात फिरवला, काही मजकूर गाळला. इंग्रजांचं राज्य होतं, आणि वैद्यांची स्वतःची म्हणून एक अभिरुचीही होती. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी आवृत्ती काढली ती १९६६ मध्ये. म्हणजे सासू वाचत होती वैद्यांचे भटजी आणि सून वाचत होती पोतदारांचे.

"तुझ्या पुस्तकातला माणूस जरा चावट आहे," आई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून माझीच प्रत कट्ट्यावर दिसायला लागली.

या पुस्तकातली एक जागा मात्र मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा मत बदललं. काल्पीच्या वाटेवरची विहीर. हरून, धुळीने माखून, तहानेने व्याकूळ झालेली राणी विहिरीशी येते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती त्यांना थांबवते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी तुम्ही पाणी ओढू नये म्हणते, आणि स्वतःच ओढून घेते. पहिल्यांदा मी चिडले. राज्य गेलं, शहर जळलं, आणि अजून हिच्या डोक्यात कोणी कोणासाठी पाणी ओढायचं हेच! गाडी मुंब्र्याच्या पुढे गेली तेव्हा पुन्हा वाचलं. त्यात ती स्वतःला अर्ध्या शेर तांदळाची धनीण म्हणते. विधवेला रोज लागणार तेवढा तांदूळ. एवढंच माझं, बाकी या उद्योगात मला पडायची काही गरज नव्हती, असा त्या बोलण्याचा सूर. तेव्हा वाटलं, ही बाई दमलीय, आणि दमलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचंच बोलणं येतं. रात्री तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा राणीपेक्षा भटजींकडेच लक्ष गेलं. पंचवीस वर्षं त्याने हे संभाषण जपून ठेवलं होतं. त्यातलं राणीचं किती आणि त्याचं किती, कोण सांगणार?

आईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू वाचतेस फार. मी रडले आणि पुढे गेले."

सोवळ्यावर माझं हे असं अडखळणं आई ओळखून आहेत. आमच्या घरातली दुसरी चालू असलेली गोष्ट 'स्मृतिचित्रे', आणि ती चालू असण्याचं कारणही तेच. मी लक्ष्मीबाई टिळक तिसऱ्यांदा वाचतेय, आई पहिल्यांदा. म्हणजे शाळेत धडा होता तेवढाच त्यांचा संबंध. मी आपली म्हणत सुटले होते की मराठीत इतकं हसवणारं पुस्तक दुसरं नाही. आईंनी वीसेक पानं वाचली आणि पुस्तक मिटून विचारलं, "हसण्यासारखं काय आहे यात?"

बरोबरच होतं त्यांचं. सुरुवातच कशी आहे बघा. १८५७च्याच धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झालेली, आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलेलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात नाही. त्या धाकात पोरं वाढलेली. पुढे लग्न एका कवीशी, जो कधी घरातून निघून जाईल याचा नेम नाही. १८९५ मध्ये तो ख्रिस्ती होतो. मग ताटातूट, आणि पाच वर्षांनी १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा. यातली एकेक घटना दुसऱ्या कुणाच्या हातात पडली असती तर तीनशे पानांचं रडगाणं झालं असतं.

लक्ष्मीबाई तसं होऊ देत नाहीत. त्या वडिलांची चेष्टा करतात, नवऱ्याची करतात, स्वतःची तर फारच. जोडाक्षरं लिहिता येत नव्हती हेसुद्धा सांगून मोकळ्या होतात. आणि एवढं असून नवऱ्यावर राग काढायची संधी साधत नाहीत. टिळक या पुस्तकात असह्य आहेत आणि गोडही आहेत, दोन्ही एकाच परिच्छेदात. गेल्या वाचनात मला टिळकांचा भयंकर संताप आला होता. या वेळी अजून आलेला नाही. मी दोनशेव्या पानाच्या आसपास आहे, पुढे येईल कदाचित. भटजींच्या शेजारी हे पुस्तक ठेवून वाचताना मात्र एक गंमत लक्षात आली. सत्तावन्न सालाने एका माणसाला घराबाहेर काढून हजारो कोस हिंडवलं, आणि दुसऱ्याला घरात कोंडून भांडी धुवायला लावलं.

आईंची पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. एका दुपारी मी रजेवर होते. त्या वाचता वाचता थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंची ती लोणच्याची बरणी आठवते का ग तुला?"

आठवते. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. मी कुणब्याच्या घरातली, यांच्या घरात आलेली. आजेसासूबाई तोंडाने काही बोलायच्या नाहीत, पण लोणच्याच्या बरणीला माझा हात लागू नये म्हणून ती कपाटाच्या वरच्या फळीवर गेली होती. एके दिवशी जेवताना आईंनी स्टुलावर चढून ती बरणी काढली, माझ्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वाढ." एवढंच. त्यावर आम्ही चोवीस वर्षांत कधी बोललो नव्हतो.

"आठवते," मी म्हटलं.

"तेव्हा मला वाटलं होतं मी फार मोठं काहीतरी केलं," आई म्हणाल्या. "ही बाई बघ. हिने सगळं घरदारच बदललं आणि लिहिते कशी, तर पोळी करपली म्हणून सांगावं तशी." आणि पुन्हा वाचायला लागल्या. पुस्तक चष्म्याच्या घराखाली गेलं हे सांगायला नकोच.

'ऋतुचक्र'बद्दल थोडं. दुर्गाबाई भागवतांचं हे १९५६ सालचं पुस्तक मी महिन्याच्या हिशेबाने वाचायचं ठरवलं होतं. चैत्राचं प्रकरण चैत्रात, आषाढाचं आषाढात. असं करायला लागून आता तिसरं वर्ष चालू आहे. अडचण अशी की फाल्गुन मार्चअखेरीत येतो आणि आश्विन सहामाहीच्या हिशेबांत. माझ्या ऋतुचक्रात हे दोन महिने अजून उगवलेलेच नाहीत. बाकीचे दहा सुंदर आहेत. एका बैठकीत दोन पानांपुढे मात्र जाऊ नये. त्यांच्या वाक्यांत इतके रंग आणि वास असतात की तिसऱ्या पानावर मला अजीर्ण होतं. हे मत कुणाला उद्धट वाटलं तर वाटो. आमच्या इमारतीसमोर एक बहावा आहे, त्याच्याकडे मी दुर्गाबाईंमुळे बघायला शिकले, तेव्हा ऋण मान्यच आहे.

'सत्तांतर' संपलं. व्यंकटेश माडगूळकरांची वानरांच्या टोळीवरची छोटी कादंबरी, १९८२ची. जाता-येता तीन दिवसांत वाचून झाली. टोळीचा जुना नायक आणि त्याची टोळी बळकावणारा दुसरा नर. आखूड वाक्यं, कुठे गळा काढणं नाही, पिल्लं मारली जातात तिथेसुद्धा नाही. लेडीज डब्यात खिडकीच्या जागेसाठी जे चालतं ते आजूबाजूला असताना हे पुस्तक वाचणं हा वेगळाच आनंद. चौथ्या सीटवर टेकून मी वाचत होते, आणि समोर दिव्याहून चढलेल्या नव्या मुलीने जुन्या ग्रुपची जागा घेतली म्हणून रण पेटलं होतं. पण बघा, पुस्तक संपलं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच उरलं. उत्तम आहे. वाचा. इस्त्री झाली.

आणि फ्रीजवर काय आहे, तर जी. ए. कुलकर्णींचं 'काजळमाया'. ते तिथे आईंनी नाही, मी ठेवलंय. गेल्या जुलैत तिसऱ्या कथेनंतर. बाहेर आठ दिवस सूर्य नव्हता, कपडे वाळत नव्हते, भिंतीला ओल आलेली, आणि वर जी. ए. माणसाने किती सहन करावं? हिवाळ्यात, भरपूर उन्हात बसून पुन्हा वाचीन. लेखक मोठा आहे, वेळ चुकली. फ्रीजवरही एक वेटिंग लिस्ट असते असं माझं मत आहे. आई हे मानत नाहीत.

आता मुख्य भांडणाकडे येते. 'तुंबाडचे खोत'. श्री. ना. पेंडशांची दोन खंडांची कादंबरी, १९८७ची. पेंडसे तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. हा माणूस मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होता आणि लिहीत होता कोकण. पहिला खंड घरात आला तेव्हा मुलाने मुखपृष्ठ बघून विचारलं, "तुंबाड म्हणजे तो खजिन्याचा पिक्चर ना? हस्तर?" त्याला म्हटलं, नाव तेवढं सारखं, गोष्ट निराळी. त्याचा रस तिथेच संपला.

माझा रस मात्र खूप होता, कारण कादंबरी घडते जगबुडीच्या काठी, आणि माझं माहेर खेड तालुक्यातलं, जगबुडीच्याच अंगाचं. दर पावसाळ्यात टीव्हीवर जगबुडीने इशारा पातळी ओलांडली अशी पट्टी फिरते, तेव्हा मी भावाला फोन करते. आपल्या नदीचं नाव छापील कादंबरीत पहिल्यांदा वाचलं तेव्हा लहान मुलीसारखी खूष झाले. पेंडशांची माणसं बोलायला लागली की समोर उभी राहतात. लेखक मध्ये येऊन ओळख करून देत नाही, ती आपसात बोलून स्वतःच कळतात. माणसं इतकी आहेत की मी किराण्याच्या बिलामागे खोतांची वंशावळ काढून घेतली आणि ती खूण म्हणून वापरते.

वाचनालयाच्या प्रतीत आधीच्या वाचकांच्याही खुणा होत्या. त्यांच्याबद्दल मला आधी रागच होता. चालू मत हवंय म्हणते ना मी, हे घ्या: समासात पेन्सिलीने "वा!", पुढे दुसऱ्या अक्षरात "कंटाळवाणे", त्याखाली तिसऱ्याचं "मग वाचू नका". आणि एका पानावर एका पात्राच्या नावाभोवती गोल करून कुणा दुष्टाने लिहिलं होतं, "हा मरतो." आई म्हणाल्या, बरं झालं की, जीव भांड्यात पडला. मी वाचनालयात तक्रार केली. तिथले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, खोडरबर देऊ का?"

तर पहिल्या खंडात दोनशेच्या जवळ पोचले आणि माझी गाडी अडकली. कारण पेंडसे नव्हते, आजोबा होते. माझे आजोबा कूळ होते. खोताच्या जमिनीत राबायचे, भाताचं अर्धं खोताच्या घरी घालायचं, वर बोलावणं आलं की वेठीला जायचं. आजोबा सांगायचे, खोताच्या अंगणात शिरताना वहाणा हातात घ्यायच्या. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, तेव्हा आजोबा लहान होते. कायदा झाला १९४९ मध्ये. पुढे कुळांना जमिनीचे मालक ठरवणारा १९५७चा कूळकायद्याचा कृषिदिन आला आणि नंतर केव्हा तरी सातबाऱ्यावर त्यांचं नाव चढलं. तो पहिला उतारा त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला होता. त्याला हळदकुंकू लागून अक्षरं दिसेनाशी झाली होती, तरी रोज फूल पडायचं.

आता मी वाचतेय ते एका खोत घराण्याच्या उतरत्या दिवसांचं, आणि पेंडसे इतकं जीव लावून लिहितात की त्या वाड्याचा एकेक वासा निसटताना वाईट वाटतं. वाईट वाटलं की लगेच मला आजोबांचे अनवाणी पाय दिसतात. म्हणजे पेंडशांच्या ताकदीचीच मला अडचण झाली. वाईट लेखक असता तर मी सुखाने पुढे गेले असते.

आईंना म्हटलं, "यात कुळं कुठे आहेत? आहेत ती येतात, जोहार करतात आणि जातात."

"त्याने खोतांची गोष्ट लिहायला घेतलीय," आई म्हणाल्या. "कुळांची तू लिही."

"मी बँकेत आहे, आई."

"तो बेस्टमध्ये होता."

त्या रात्री मी पहिला खंड फ्रीजवर ठेवला. वंशावळीसकट. आईंनी पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. दोन दिवस तो तिथेच होता, टॉर्चशेजारी.

तिसऱ्या दिवशी कामावरून आले तर फ्रीजवर फक्त टॉर्च. खंड कट्ट्यावरही नव्हता. आईंच्या उशाशी होता. त्यानंतर आठ-दहा दिवस घरात भटजी नाहीत, लक्ष्मीबाई नाहीत, दुपारभर फक्त खोत. मी विचारलं, शेवट वाचलात का? म्हणाल्या, "दुसरा खंड कुठे आणलायस तू?" म्हणजे एकोणऐंशी वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शेवट माहीत नसताना एवढं मोठं पुस्तक हातात घेतलं होतं. मतं विचारायची मला धास्ती वाटत होती. त्यांच्या माहेरची थोडी जमीन त्याच कूळकायद्यात गेली होती, हे मला ठाऊक होतं. ते आम्ही दोघींनी आजवर लोणच्याच्या बरणीसारखंच वरच्या फळीवर ठेवलेलं होतं.

परवा रात्री ओटा पुसून वळले तर पुस्तक माझ्या डब्याच्या पिशवीत होतं. किराण्याच्या बिलामागची माझी वंशावळ आईंनी पूर्ण केली होती. दोन ठिकाणी माझं चुकलेलं नातं दुरुस्त केलेलं, आणि खाली उरलेल्या कोऱ्या जागेत एक रिकामी चौकट काढून त्यात लिहिलेलं, "कुळं." तिच्यातून कुठेच रेघ जात नव्हती. आणि आत, तीनशे बाराव्या पानावर, कालनिर्णयची पट्टी. तिच्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात: "इथपर्यंत ये. मग भांडू."

मी सध्या दोनशे आठवर आहे. काल मेगाब्लॉक होता, तेवढ्यात अकरा पानं झाली.